साठवणीच्या धान्याला मसाल्याचे अर्क: कोणत्या दाण्याला काय, किती आणि कसं

हरभऱ्यातल्या भुंग्याची मादी अंडं दाण्याच्या पाठीवर चिकटवते. ज्वारी-गव्हातल्या सोंड्याची मादी सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, आत अंडं सोडते आणि वरून चिकट स्रावाने भोक बुजवून टाकते. मिरी, लवंग, ओवा, हळद यांचे अर्क वापरताना एवढा फरक ध्यानात ठेवला तरी निम्म्या चुका टळतात. अर्क दाण्याच्या वर राहतो. म्हणून कडधान्याला तेलातला अर्क उत्तम लागू पडतो. दादर (रब्बी ज्वारी) आणि गव्हात मात्र मसाला फार तर राखण करतो, आत बसलेल्या अळीपर्यंत तो पोचत नाही. ‘लवंगा टाकल्या तरी सोंडे झालेच’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच निघते.

खान्देशात वर्षाची भरणी साधारण आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) मागेपुढे होते. तूर, हरभरा, दादर, गहू तोवर घरात आलेले असतात आणि जळगाव-भुसावळकडचा मे महिना 43 ते 45 अंशांचं ऊन फुकट देतो. या उन्हाची बरोबरी कोणताही अर्क करत नाही. मूग-उडदाचं गणित उलटं आहे: हे पीक भाद्रपदात, दमट हवेत निघतं, पुरतं वाळत नाही आणि भुंग्याची अंडी काही वेळा शेतातल्या शेंगांवरूनच सोबत येतात. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीसाठी वर्षभराचे उडीद ठेवणाऱ्या घरांनी म्हणून उडदाकडे जास्त बघावं.

आधी ऊन

दादर आणि गहू 12 टक्के ओलाव्याच्या आत, कडधान्य 9 ते 10 टक्क्यांच्या आत आणल्याशिवाय अर्काची बाटली उघडू नये. ताडपत्रीवर तीन-चार सेंटिमीटरचा पातळ थर पसरावा, तासातासाला वरखाली करावा, संध्याकाळी गोळा करून झाकावा. एप्रिल-मेमध्ये दोन-तीन दिवस पुरतात. दाताखाली दाणा ‘कट्’ असा फुटला पाहिजे. दबला किंवा चिकटला तर अजून ओल आहे.

मिठाची परीक्षाही करता येते. कोरडी काचेची बरणी एक तृतीयांश धान्याने भरा, दोन-तीन चमचे कोरडं मीठ टाका, मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. काचेला मीठ चिकटलं तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे. चिकटलं नाही म्हणजे धान्य साठवणीला तयार झालं असं मात्र नव्हे, कारण 13-14 टक्क्यांचं धान्यही या परीक्षेत पास होतं. खात्री हवी असेल तर बाजार समितीत किंवा धान्याच्या आडतीवर ओलावामापक असतो, तिथे मूठभर नमुना तपासून घ्यावा.

वाळलेलं धान्य गरम असताना टाकीत भरू नका. रात्री पत्रा गार पडला की आतली वाफ झाकणाखाली पाणी होऊन वरच्या थरावर ठिबकते आणि तिथूनच बुरशी धरते. सावलीत रात्रभर निवू द्या, सकाळी भरा.

पाण्यात उकळलेला लसूण-मिरचीचा काढा धान्यावरच शिंपडण्याचे सल्ले बरेच फिरतात. एक क्विंटल धान्यावर एक लिटर पाणी गेलं की ओलावा जवळपास एक टक्क्याने वाढतो. पाच लिटर काढा शिंपडला तर 11 टक्क्यांवर आणलेलं धान्य 15 च्या वर जातं. दोन-तीन दिवसांची मेहनत पाच मिनिटांत वाया जाते आणि किड्यांना हवी तशी दमट जागा आपणच तयार करून देतो. पाण्यातला अर्क फक्त रिकाम्या बारदानाला आणि कोठीला. दाण्याला कधीच नाही.

कीड आधीच लागली असेल तर

दाण्यावर अंडी दिसत असतील किंवा मागच्या मालात भुंगे झाले असतील, तर अर्काआधी आतली अळी मारावी लागते. वाळलेलं कडधान्य काळ्या ताडपत्रीवर तीन सेंटिमीटर जाडीत पसरा, वर पारदर्शक प्लास्टिकचा कागद टाका आणि कडा विटांनी किंवा मातीने घट्ट दाबा. धाब्यावर किंवा गच्चीवर, अकरा ते तीनच्या दरम्यान. आतलं तापमान 55 ते 60 अंशांवर तासभर टिकलं की अंडं, अळी, कोष, भुंगा सगळे मरतात. थराच्या मध्यावर तापमापक खोचून ठेवावा, अंदाजावर जाऊ नये. कागदाच्या आतून थेंब जमू लागले तर धान्य पुरतं वाळलेलं नव्हतं. कागद काढून आणखी एक दिवस वाळवा. पेरणीचं बियाणं असेल तर तासापेक्षा जास्त ठेवू नका, आणि नंतर शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उगवण पाहून घ्या.

नंतर चाळा आणि पाखडा. चाळणीखालचा चुरा, भोकाचे दाणे, मेलेले भुंगे अंगणात टाकू नयेत. जाळावेत किंवा खोल पुरावेत. त्यात जिवंत राहिलेला एखादा भुंगा उडून पुन्हा कोठीत येतो.

कडधान्यासाठी: मिरीचा तेलातला अर्क

मिरीचा तिखटपणा ज्या पायपरीनमुळे असतो ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात उतरतं. बाजारातलं औद्योगिक स्पिरिट वापरण्याचा मोह टाळा, त्यात विषारी मिथेनॉल असू शकतं आणि हे धान्य पोटात जायचं आहे.

काळी मिरी 100 ग्रॅम, तेल 500 मिली. तेल शेंगदाण्याचं, सरकीचं किंवा करडईचं, जे घरात असेल ते, पण ताजं. तळणीचं उरलेलं तेल चालत नाही, ते आधीच खवट व्हायला लागलेलं असतं. मिरी अख्खी घ्या, तासभर उन्हात ठेवा आणि रव्यासारखी दळा. पिठासारखी बारीक केली तर गाळताना फडकं बुजतं. नाकाला फडकं बांधूनच दळा.

पातेल्यात पाणी गरम करा आणि त्यात तेल-मिरीचं भांडं ठेवून मंद आचेवर दोन तास राहू द्या. तेल कडत असावं; उकळू नये, धूर तर अजिबात निघू नये. फोडणीसारखा चुरचुर आवाज आला तर आच जास्त झाली: सुगंधी तेलं उडून जातात आणि मिरी करपते. भांड्यात पाण्याचा थेंब पडणार नाही हेही सांभाळा. नंतर काचेच्या बरणीत भरून तीन दिवस सावलीत ठेवा, दिवसातून दोनदा हलवा आणि दुहेरी मलमलच्या फडक्यातून पिळून गाळा. काही तेल चोथ्यात राहतं, हाती साधारण 400 मिली अर्क येतो.

प्रमाण किलोला 5 मिली, म्हणजे एवढा अर्क 80 किलो कडधान्याला पुरतो. एका वेळी दहा किलोच घ्या. मोठ्या परातीत किंवा प्लास्टिकच्या कागदावर दाणे पसरा आणि 50 मिली अर्क एकदम न ओतता पाच वेळा थोडाथोडा टाकत, दोन्ही हातांनी तळापासून वर आणत पाच-सात मिनिटं चोळा. प्रत्येक दाण्याला चकाकी आली पाहिजे आणि परातीच्या तळाला तेल साचलेलं दिसता कामा नये. तासभर सावलीत पसरून मग भरा. तेल लावल्यावर उन्हात टाकू नका, ऊन लागलं की तेल लवकर खवट होतं.

यात खरं काम तेलाचं असतं, हे सांगितलेलं बरं. तेलाचा पापुद्रा अंड्याची हवा बंद करतो आणि तेलकट दाण्यावर नवं अंडं नीट चिकटत नाही. मिरी पूर्ण वाढलेल्या भुंग्याला त्रास देते आणि तेलाची उणीव भरून काढते. म्हणून मिरी महाग वाटत असेल तर नुसतं तेल याच प्रमाणात लावलं तरी बराच फायदा होतो. पण तेल सोडून नुसती मिरीपूड भुरभुरवली तर ती तळाला बसते आणि वरचे दाणे उघडे राहतात. तुरीला एरंडेल लावायची पद्धत याच कारणाने टिकून आहे. एरंडेल जाड असतं, दाण्याला धरून राहतं. किलोला 3 ते 5 मिली पुरे, फक्त थंडीत ते कोमट करून घ्यावं लागतं. गव्हाला एरंडेल लावत असाल तर हात आवरता ठेवा: तेलकट गहू चक्कीत नीट उतरत नाही आणि चक्कीवाला पुढच्या वेळी डबा परत पाठवतो.

‘थोडं जास्त लावलं तर जास्त टिकेल’ असं होत नाही. किलोला 10 मिलीच्या वर गेलं की दाणे चिकटतात, धूळ धरतात, दोन-तीन महिन्यांत खवट वास येतो आणि बियाण्याची उगवण घटते. शिजवण्याआधी असं कडधान्य कोमट पाण्यात दोनदा चोळून धुवावं.

आणि ज्यांना जमतं त्यांनी तूर-हरभऱ्याची डाळच करून ठेवावी. कडधान्याच्या भुंग्याला अख्खा, सालासकट गुळगुळीत दाणा लागतो. डाळीवर त्याची पैदास फारशी होत नाही. डाळीला पिठातला तांबडा भुंगेरा आणि जाळी करणारा पतंग त्रास देतो, पण हे दोघं घट्ट झाकणाच्या डब्याने बऱ्यापैकी अडवता येतात.

दादर, गहू, बाजरीसाठी: वासाच्या पुरचुंड्या

दादरीला तेल लावू नका. वर्षभर भाकरीचं पीठ दळायचं असतं आणि तेलामुळे ते लवकर खवट होतं. इथे उडणारा वास कामाला येतो: लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल. हे वास किड्याला दूर ठेवतात आणि बंद जागेत दाटले तर काही किडे मरतातही.

50 किलोच्या पत्र्याच्या टाकीसाठी लवंग, ओवा आणि मिरी प्रत्येकी 25 ग्रॅम घ्या. भरणीच्या दिवशीच खलबत्त्यात जाडसर कुटा, आठ दिवस आधी कुटून ठेवलेला मसाला अर्धा वास गमावून बसतो. भाजू मात्र नका. पातळ सुती कापडाच्या पाच पुरचुंड्या बांधा: एक तळाला, दोन मधल्या थरात, दोन वर. कीड वरच्या थरात लवकर दिसते म्हणून तिथे दोन. टाकी तोंडापर्यंत भरा, कारण वर जितकी पोकळी तितकी किड्याला हवा जास्त. झाकणाच्या फटीवर चिकटपट्टी लावा किंवा शेण-मातीने लिंपा. पुरचुंड्या सहा ते आठ आठवड्यांनी बदलाव्या लागतात.

तयार लवंग तेल मिळालं तर त्याच टाकीला 3 मिली पुरे. ते कापसाच्या बोळ्यावर घेऊन, बोळा कापडात बांधून छोट्या वाटीत ठेवा. दाण्यावर थेट ओतू नका, आणि प्लास्टिकच्या पिंपात त्याचा स्पर्श पिंपाला होऊ देऊ नका. लवंग तेलाने काही प्रकारचं प्लास्टिक मऊ पडतं. दळणाच्या आदल्या दिवशी धान्य अर्धा दिवस वाऱ्यावर पसरलं तर वास बराच जातो. बाजरी वास जास्त धरते, तिला पुरचुंड्या निम्म्याच घाला.

हे सगळं बारदानाच्या गोणीत केलं तर पैसे फुकट. तागाच्या विणीतून वास आठवड्याभरात निघून जातो. गोणीतच ठेवायचं असेल तर आत जाड, हवाबंद प्लास्टिकची पिशवी घाला आणि तोंड पिळून दुहेरी बांधा. ओल्या लसणाच्या पाकळ्या टाकण्याची पद्धत बंद करावी. त्यांचा वास लवकर संपतो आणि पाकळी सडून भोवतीच्या दाण्यांना बुरशी लावते.

लाल मिरचीवर लोकांचा भरवसा मोठा, नंदुरबारची तर बाजारपेठच मिरचीची. पण वाळलेली मिरची डाळीत ठेवून किडे मरत नाहीत. तिखटाचा उडणारा वास जवळजवळ नसतोच. उलट सुक्या मिरचीला, धन्याला, हळकुंडाला स्वतःलाच कीड लागते. हळकुंड हलवल्यावर बारीक पिवळी भुकटी गळली आणि अंगावर टाचणीएवढी भोकं दिसली, की आत सिगारेट भुंगा म्हणून ओळखला जाणारा तपकिरी, गोलसर किडा राहत असतो. हा किडा धान्य आणि पीठही खातो. राखणीसाठी टाकलेल्या मसाल्यातूनच कीड कोठीत गेली, असं होऊ शकतं. म्हणून प्रत्येक मसाला वापरण्याआधी पांढऱ्या कागदावर आपटून बघा आणि कडक उन्हात तासभर ठेवून घ्या.

हळद आणि वेखंड

हळद किलोला 20 ग्रॅम, सोबत 2-3 मिली तेल, म्हणजे ती दाण्याला चिकटून राहते. तिच्यातल्या टर्मेरोन या तेलकट घटकाचा वास किड्यांना नको असतो. जुनी, वास गेलेली पूड नुसती रंग देते. घरी कुटलेलं हळकुंडच वापरा. तयार पुडीत पिवळ्या रंगाची भेसळ असली तर ती थेट धान्यात जाते. मूग, तूर यांना हळद चालते. दादरीला नको, भाकरी पिवळी होते.

वेखंड किलोला 10 ग्रॅम पूड या प्रमाणात भुंग्यावर फार चांगलं चालतं, पण ते फक्त पेरणीच्या बियाण्याला लावा. त्यातल्या बीटा-असारोनमुळे प्रयोगातल्या प्राण्यांना कर्करोग झाल्याचं दिसलं आहे, आणि अमेरिकेत 1968 पासून ते खाद्यपदार्थात वापरायला बंदी आहे. बियाण्याच्या पिशवीवर मोठ्या अक्षरात ‘बियाणं, खायचं नाही’ असं लिहा. टंचाईत तीच पिशवी दळायला गेल्याची उदाहरणं गावोगाव सापडतील.

रिकाम्या कोठीला आणि बारदानाला

नवं धान्य कितीही शुद्ध असलं तरी जुन्या गोणीच्या शिवणीत बसलेली कीड त्याची वाट बघत असते. खाप्रा भुंगेऱ्याची केसाळ अळी तर भिंतीच्या भेगेत काही न खाता महिनोन् महिने काढते. कोठी झाडा, भेगा माती-सिमेंटने बुजवा आणि बारदान उलटं करून झटका.

निंबोळीची अर्धा किलो भरड फडक्यात सैल बांधून पाच लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी चांगली पिळा, 100 ग्रॅम लसूण आणि 50 ग्रॅम तिखट मिरची वाटून त्यात मिसळा, गाळा आणि एकूण दहा लिटर करा. साबणाचा 20 ग्रॅम चुरा आधी विरघळवून घाला, नाहीतर पाणी तागावरून घसरून जातं. बारदान अर्धा तास बुडवा. कोठीच्या भिंतीवर, खालच्या लाकडी फळ्यांवर फवारा. हातमोजे घाला, डोळे झाका. बारदान सावलीत वाळवा, कडक उन्हात निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन लवकर निकामी होतं. कोठी दोन दिवस उघडी ठेवा. भिंत पुरती कोरडी झाल्याशिवाय भरणी करू नका. हा अर्क टिकत नाही, केला त्याच दिवशी संपवा.

तपासणी

मिरगानंतर हवा दमट होते, धान्य पुन्हा ओल धरतं आणि जुलै ते सप्टेंबर कीड सर्वात वेगाने वाढते. 30 अंशांच्या आसपास कडधान्याचा भुंगा अंड्यापासून तीन-चार आठवड्यांत बाहेर पडतो, म्हणून महिन्यातून एकदा तरी बघणं भाग आहे. हात कोपरापर्यंत धान्यात घाला: आत कोमट लागलं तर किडे किंवा बुरशी काम करत आहेत. वरून, मधून, तळातून मिळून किलोभर काढून पांढऱ्या कागदावर चाळा. पावसाच्या दिवशी टाकी उघडू नका.

कडधान्यावरची अंडी नीट वाचता आली तर अर्क चालला की नाही हे तिथेच कळतं. दाणा उजेडात धरा, शक्यतो भिंगाखाली. नुकतं घातलेलं अंडं काचेच्या थेंबासारखं पारदर्शक दिसतं. अळी अंड्याच्या तळातून सरळ दाण्यात शिरते आणि पोखरलेला भुसा मागे टरफलात भरते, त्यामुळे ते टरफल दुधासारखं पांढरं होतं. म्हणजे पांढरा ठिपका दिसला तर अळी आत गेली. तेलाने मेलेलं अंडं पारदर्शक राहतं किंवा सुरकुततं. तेल लावून महिन्याने बहुतेक ठिपके काचेसारखेच असतील तर काम झालं. पांढरे जास्त असतील तर तेल सगळीकडे पोचलेलं नाही किंवा लावायला उशीर झाला. अशा वेळी वरून आणखी तेल ओतून उपयोग नाही, कारण अळी आता तेलाच्या पलीकडे आहे. पुन्हा प्लास्टिकखालचं ऊन, पुन्हा चाळणं. ऊन नसेल तर तो माल आधी खाऊन संपवा किंवा डाळ करून घ्या.

आपल्या घरच्या मालावर खात्री करायची असेल तर दोन बरण्यांत अर्धा-अर्धा किलो मूग घ्या. एकीला अर्क लावा, दुसरी तशीच ठेवा, दोन्हींत दहा-दहा जिवंत भुंगे सोडा आणि तोंडाला कापड बांधा. चाळीस दिवसांनी दोन्हींतले भोकाचे दाणे मोजा. बरण्या कोठीपासून लांब ठेवा.

क्विंटलमागे क्विंटल माल किडला असेल तर मसाल्याच्या वाट्याला जाऊ नका. अशा वेळी धुरीकरणच करावं लागतं, पण अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या स्वतः आणून घरातल्या कोठीत टाकणं जिवावर बेततं. त्यांचा वायू शेजारच्या झोपायच्या खोलीत शिरतो. हे काम प्रशिक्षित धुरीकरण करणाऱ्यांचं आहे, तेही राहत्या घराबाहेरच्या गोदामात. पाऱ्याच्या गोळ्याही खाण्याच्या धान्यात नकोत.

उरलेला मिरीचा तेल-अर्क गडद काचेच्या बाटलीत, थंड जागी तीन महिने राहतो. बाटलीवर तारीख लिहा. वास खवट झाला तर तो धान्याला न लावता दाराच्या बिजागरीला घाला.